प्रचालक फुकट राबतात म्हणून कारणही विचारायचं नाही?

मुक्ता_ठाणे:
काल इथे एकाने प्रचालकांबद्दल, म्हणजे संस्थळाची देखरेख करणाऱ्या आणि पानं वगळायचा अधिकार असलेल्या सदस्यांबद्दल लिहिलं, 'प्रचालक स्वतःचा वेळ घालून फुकट काम करतात, पटत नसेल तर दुसरीकडे जा.' डोकंच फिरलं, म्हणून वेगळा धागा. अहो, लिहिणारे तरी कुठे पगारावर आहेत? एका संस्थळावर मी आमच्याकडच्या जुन्या तळ्यांवर लेख लिहिला, ग्रंथालयात बसून संदर्भ काढले आणि सकाळी बघते तर पान गायब. चर्चापानावर, म्हणजे सदस्यांना निरोप द्यायच्या पानावर, एक ओळ नाही. विचारलं तर म्हणे वाद घालू नका. इंग्रजी विकिपीडियावर नियमच आहे की प्रचालकाला त्याच्या कृतीबद्दल विचारलं तर त्याने वेळेत आणि नीट बोलून उत्तर द्यायचं. तेही फुकटच राबतात ना?

घाटावरचा:
तिकडे शेकडो प्रचालक आहेत, आपल्या छोट्या संस्थळांवर दोन-चार डोकी, तीही नोकरी-संसार सांभाळून. आणि कारण वगळल्याच्या नोंदीत, म्हणजे कुठलं पान कुणी का काढलं त्या यादीत, असतं की, बघायचं तिथे.

मुक्ता_ठाणे:
नवख्या माणसाला नोंदी कुठे असतात हे कोण सांगणार? त्याला फक्त आपलं लिखाण गेलेलं दिसतं. तो परत येत नाही, आणि मग तुम्हीच रडता लिहायला माणसं नाहीत म्हणून.

जुनी_वही:
मी स्वतः प्रचालक आहे म्हणून बोलतो. कुणाकुणाला ओळी लिहायच्या? २७ फेब्रुवारी जवळ आला की कॉलेजं कार्यशाळा घेतात, मार्कांचं आमिष दाखवतात आणि पोरं पुस्तकातली पानंच्या पानं उतरवतात. लेखक जाऊन ६० वर्षं झालेली नसतील तर तो मजकूर कच्च्या पानावरसुद्धा ठेवता येत नाही. रात्री जेवणं झाल्यावर मी एकेक वाक्य शोधत बसतो आणि वर शिव्या खातो. एकाने तर माझ्या ऑफिसात फोन केला होता.

तासिका:
कॉलेजांवर कशाला घसरता? मी शिकवते. पोरांना पहिल्यांदा कुणीतरी म्हणतंय की तुझ्या गावाबद्दल तू लिही. चुकतील, शिकतील. आमच्या एका मुलीने आजीला विचारून गावच्या जत्रेवर लिहिलं होतं, तेही त्याच झाडूने साफ!

घाटावरचा:
आजीला विचारून लिहिलेलं म्हणजे संदर्भ नाही मॅडम. हे आधी तुम्हीच शिकवायला हवं होतं.

तासिका:
मग तसं तिला सांगा ना! तिचं पान उडवून गप्प बसणं ही कुठली पद्धत? आणि मला काय शिकवायचं ते तुम्ही सांगू नका.

घाटावरचा:
कार्यशाळेचे फोटो पेपरात छापून आणायचे आणि कचरा उपसायला दुसरे. झोंबलं का?

जुनी_वही:
दोघांनीही आवरा. ऑफिसात फोन आला त्याबद्दल इथे कुणाला काही वाटत नाही का?

मुक्ता_ठाणे:
वाटतं, आणि ते चूकच आहे, त्यात दुमत नाही. पण एक सांगते. जून २०१९ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने, म्हणजे विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेने, इंग्रजी विकिपीडियाच्या एका प्रचालकावर वर्षाची बंदी घातली आणि नेमकं कारण उघड केलं नाही, तर वीसेक प्रचालकांनी अधिकार सोडून दिले. म्हणजे वरून कुणी गप्प राहून कारवाई केली की प्रचालकांनाही तेवढंच लागतं.

जुनी_वही:
तक्रारदाराचं नाव जपायचं असेल तर सगळं चव्हाट्यावर मांडता येत नाही, हेही धरा. तिकडे २०२४ पासून ३० दिवसांत २५ सदस्यांनी सह्या केल्या तर प्रचालकाला पुन्हा कौल घ्यावा लागतो. आपल्याकडे २५ जण लिहिते तरी आहेत का?

मुक्ता_ठाणे:
सह्या मागतंय कोण? चर्चापानावर दोन ओळी टाका आणि ती नोंद कुठे बघायची त्याचा दुवा द्या. बास.

जुनी_वही:
बरं. साचा, म्हणजे तयार मजकूर, बनवून ठेवतो, वगळलं की लावत जाईन. शिव्यांना मात्र उत्तर देणार नाही. आणि कॉलेजवाल्यांनी कार्यशाळेच्या आधी कळवायचं, पोरं लिहून मोकळी झाल्यावर नाही.

तासिका:
कळवलं असतं हो. पण कळवायचं कुठे, तेच तुमच्यापैकी कुणी कधी लिहून ठेवलेलं नाही.