‘प्रमाणित’ विमान म्हणजे कोणी प्रमाणित केलेलं?

हलक्या विमानांवरचा लेख मराठीत लिहितोय. ‘सर्टिफाइड’ला बेधडक ‘प्रमाणित’ लिहीत गेलो आणि अडकलो. अमेरिकेत २००४ साली ‘लाइट स्पोर्ट’ हा वर्ग आला. तेव्हा दोन आसनं, ६०० किलोंची मर्यादा होती. आराखड्याला एफएए, म्हणजे तिथली सरकारी विमान नियामक संस्था, स्वतः मान्यता देत नाही. एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकांप्रमाणे विमान बांधलंय, असं कारखानदारच लिहून देतो. याला प्रमाणित म्हणू का?

— नका म्हणू. ‘प्रमाणित’ म्हटलं की डोळ्यांपुढे गोल सरकारी शिक्का येतो. आपल्याकडे जोडी तयारच आहे: राजपत्रित अधिकाऱ्याची सही असलेली प्रत साक्षांकित, स्वतः सही केलेली स्वसाक्षांकित. यातलं दुसरं घ्या.

— पण स्वसाक्षांकित प्रतीमागे मूळ कागद असतो. इथे ताडून बघायला मूळ काय? ते मानकच, आणि ते लिहिणाऱ्या समितीत कारखानदारही बसतात. ‘स्वयंघोषित’ तर बादच, त्याला स्वयंघोषित नेत्याचा वास येतो. मी ‘हमीपत्र’ लिहीन. हमी दिली की अंगाशी येऊ शकते, हा अर्थ त्यात आपसूक आहे.

— युरोपचा मुद्दाही घ्या. तिथल्या ईएएसए या विमान सुरक्षा संस्थेने २०११ मध्ये हलक्या विमानांसाठी नियम केले, तेही त्याच एएसटीएम मानकावर बेतलेले. पण आराखड्याची मान्यता स्वतःच्या हातात ठेवली. म्हणजे पुस्तक एकच, शिक्का कुणाचा यावर मतभेद. त्या नियमांखालच्या विमानाला ‘प्रमाणित’ शोभतं.

— आणि पुस्तकच अपुरं असेल तर? झोडियाक सीएच ६०१ एक्सएल हे विमान हवेतच तुटण्याच्या अनेक घटना झाल्या. एप्रिल २००९ मध्ये अपघात तपासणाऱ्या एनटीएसबीने त्याचं उड्डाण थांबवायला सांगितलं, मानकात सुधारणाही सुचवल्या. एफएएने लगेच बंदी घातली नाही. एनटीएसबी फक्त शिफारस करू शकते. तेव्हा लेखात ‘एनटीएसबीची उड्डाणबंदी’ असं लिहू नका, हा घोळ हमखास होतो.

— जाता जाता ‘एक्सपेरिमेंटल’चं काय करणार? घरी बांधलेल्या विमानाच्या दाराशी हा शब्द निदान दोन इंच उंच अक्षरांत लिहावा लागतो. ‘प्रायोगिक’ म्हटलं की मला छबिलदासचं नाटक आठवतं.

मूळ प्रश्नकर्ता: अमेरिकेसाठी ‘हमीपत्रावरचं विमान’, युरोपसाठी ‘प्रमाणित’ ठेवतोय. ‘एक्सपेरिमेंटल’ देवनागरीत तसाच. ती दारावरची पाटी आहे, पाटीचं भाषांतर करत नाही.