विषय: लीग सिटीतली हवा मुंबईसारखीच ना?

नमस्कार मंडळी,
सप्टेंबरात पुण्याहून अमेरिकेत टेक्सासला बदली होतेय. घर गॅल्व्हस्टन काउंटीतच, लीग सिटीला बघतोय. "तिकडे अगदी मुंबईची हवा" असं जो तो सांगतो. खरं का? आई-बाबांना कधी बोलवावं?
– नवा सभासद

---

अरे, अर्धंच खरं. घाम मुंबईचाच, पण मुंबईला जूनमध्ये पाऊस येऊन जीव थंड करतो. इथे पाऊस वर्षभर अधूनमधून येतो, आणि तासाभरात वाफ होऊन वर येतो. जुलै-ऑगस्टात गल्फचं, म्हणजे मेक्सिकोच्या आखाताचं, पाणीच 30 अंशांच्या आसपास तापलेलं, मग रात्रीचा वारा तरी गार कुठून येणार? गॅल्व्हस्टन बेटावर तर उन्हाळ्यात रात्रीसुद्धा पारा 27च्या आसपास. इथे तापमान बघू नकोस, दवबिंदू (हवेत ओल किती ते सांगणारा आकडा) बघ. तो 24च्या वर गेला की घाम वाळत नाही. कुरडया उन्हात घातल्या तर दुपारी कडक, संध्याकाळी पुन्हा मऊ. मी तो नाद सोडला.

आई-बाबांना ऑक्टोबर अखेर ते एप्रिल बोलव. स्वेटर मात्र आणू देत. उत्तरेचा वारा शिरला की दुपारी टी-शर्ट आणि रात्री रजई. फेब्रुवारी 2021च्या कडाक्याच्या थंडीत पाइप फुटले, वीज गेली, माझा कढीपत्ता कुंडीसकट गेला. जानेवारी 2025 मध्ये तर बेटाच्या वाळूवर बर्फ!
– काकू

---

काकूंनी हवेचं सांगितलं, मी घराचं सांगतो. या काउंटीत साध्या होमओनर्स पॉलिसीत (घराच्या विम्यात) वाऱ्याचं नुकसान बऱ्याचदा धरलेलं नसतं. विंडस्टॉर्मचा, म्हणजे वादळी वाऱ्याचा, विमा वेगळा, पुराचा आणखी वेगळा. वादळ गल्फमध्ये शिरलं की विंडस्टॉर्मची नवी पॉलिसी मिळत नाही. सरकारी पूरविमा लागू व्हायला एरवी 30 दिवस लागतात, पण घरकर्जाच्या क्लोजिंगलाच (शेवटच्या सह्यांच्या वेळी) काढलास तर लगेच. चक्रीवादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर, त्यात सप्टेंबर सगळ्यात वाईट: 1900चं ते भयंकर वादळ 8 सप्टेंबरचं, आइक नावाचं वादळ 13 सप्टेंबर 2008चं. तू नेमका तेव्हाच येतोयस, तेव्हा आधी विमा, मग सोफा.

आणि "हे घर फ्लड झोनमध्ये (पुराच्या पट्ट्यात) नाही" असं एजंट म्हणाला म्हणून निर्धास्त राहू नकोस. 2017च्या हार्वी वादळात शेजारच्या डिकिन्सनमध्ये घरंच्या घरं पाण्यात गेली, ती मुख्यतः पावसाने.
– डिकिन्सनचा दादा

---

धन्यवाद काकू, दादा. म्हणजे एसी चोवीस तास?
– नवा सभासद

---

हो, आणि भारतात सुट्टीला गेलास तरी पूर्ण बंद करू नकोस. 27-28 वर लावून जा. आमच्या शेजारणीने बिल वाचवायला बंद केला, तर परत आल्यावर कपाटातल्या पैठणीच्या काठावर बुरशी आणि चामड्याच्या चपला हिरव्या. फिल्टर वेळच्या वेळी बदल. सामान पाठवशील त्यात लाकडी देव्हारा असेल तर बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नकोस.
– काकू