देखाव्याचा फ्लेक्स आणि हायकोर्ट (सोसायटी ग्रुप, जळगाव)

पाटील सर बी-३०४ (सकाळी ७:१२)
मुंबई हायकोर्टाच्या देखाव्याचा मांडवातला फ्लेक्स आत्ता वाचला. संध्याकाळी सातला उद्घाटन आहे आणि मजकुरात चुका आहेत, त्याही ठळक अक्षरात. छापायच्या आधी ग्रुपवर टाकायचं ठरलं होतं ना?

सेक्रेटरी (७:१५)
सर, नमस्कार. मुलं रात्री दोनपर्यंत जागून काम करताहेत. आधी कौतुक करू या 🙏

पाटील सर बी-३०४ (७:१९)
कौतुक आहेच. पण "१८९७ साली न्या. दावर यांनी टिळकांना सहा वर्षांसाठी अंदमानला पाठवले" या एका ओळीत राजद्रोहाचे दोन खटले आणि एक बेट घुसलंय.
१८९७ ला जज होते स्ट्रॅची. शिक्षा दीड वर्ष सक्तमजुरी. दावर १९०८ चे. सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा तेव्हाची, आणि ठेवलं मंडालेला. अंदमानला नाही.

जिभाऊ ए-१०२ (७:२१)
फ्लेक्सचा खर्च किती? हिशोब ग्रुपवर टाका.

सोनार भाऊ ए-४०३ (७:२२)
जिभाऊ, गूळ-खोबरं तरी वाटू द्या भो 😄

वकीलकाका सी-१०१ (७:३४)
दावरांबद्दल एक भर घालतो, कारण गंमत तिथंच आहे. १८९७ मध्ये हेच दावर बॅरिस्टर म्हणून टिळकांच्या जामिनासाठी उभे होते. जामीन दिला न्या. बद्रुद्दीन तय्यबजींनी. अकरा वर्षांनी दावर न्यायासनावर, आणि जामीन मागायला उभे जिना. दावरांनी तो फेटाळला. फ्लेक्सवर ओळ घ्यायची तर ही घ्या.

मनीषाताई सी-२०४ (७:३६)
जिना म्हणजे तेच जिना??

वकीलकाका सी-१०१ (७:३७)
तेच. १९१६ मध्ये टिळकांकडून चांगल्या वर्तणुकीची जामीनकी मागितली तेव्हाही वकील जिनाच. तो आदेश हायकोर्टाने रद्द केला.

सेक्रेटरी (७:४०)
एवढं सगळं सहा बाय चारच्या फ्लेक्सवर कसं बसणार काका

पाटील सर बी-३०४ (७:४१)
बसवू नका. आहे ते बरोबर करा. आणि वरचा फोटो हायकोर्टाचा नाही.

सेक्रेटरी (७:४१)
नेटवर हायकोर्ट टाकूनच घेतलाय.

पाटील सर बी-३०४ (७:४४)
घड्याळाचा उंच मनोरा दिसतोय तो राजाबाई टॉवर, विद्यापीठाचा. दोन्ही इमारती ओव्हल मैदानाच्या कडेला शेजारी उभ्या, दोन्ही नोव्हेंबर १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या, म्हणून एकाच फोटोत येतात. राजाबाई २८० फूट. हायकोर्टाचा मधला मनोरा पावणेदोनशेच्या आसपास.

सोनार भाऊ ए-४०३ (७:४६)
म्हणून मॉडेलवर चालू घड्याळ बसवलंय होय! मी म्हटलं तारखांवर तारखा पडतात म्हणून लावलं असेल 😂

जिभाऊ ए-१०२ (७:४८)
हिशोब.

निखिल ए-३०१ (देखावा) (८:०५)
काका, मॉडेल १ इंचाला ८ फूट धरून केलंय. लांबी ५६२ फूट म्हणजे ७० इंच, रुंदी १८७ म्हणजे साडेतेवीस. टॉवर ३५ इंच. आता काय करू?

पाटील सर बी-३०४ (८:११)
पाया अगदी बरोबर आहे, शाब्बास. टॉवर २२ इंच हवा. १३ इंच कमी करायचे. टोक कापू नकोस, उतरतं छप्पर तसंच ठेव आणि मधली मान काप. आत जुन्या पुठ्ठ्याची चौकोनी नळी घाल, दोन्ही तुकड्यांत तीन-तीन इंच जाईल अशी, म्हणजे सांधा डुगडुगणार नाही. फेव्हिकॉल पातळ लाव. हवा दमट आहे, जास्त लावलंस तर नालीदार पुठ्ठा एका बाजूने ओलावा घेऊन वाकतो. कमानी वाकल्यात त्या त्यामुळेच. आतूनही एक कागद चिकटव, ताण सारखा होतो.

निखिल ए-३०१ (देखावा) (८:१२)
ओके सर 👍 पश्चिमेच्या दोन अष्टकोनी बुरुजांवर बाहुल्या आहेत त्या कोण?

पाटील सर बी-३०४ (८:१४)
न्याय आणि दया. दोन्ही हव्यात. तू एकच केलीस.

मनीषाताई सी-२०४ (८:१५)
दया आपल्या सोसायटीत कुठून मिळणार 🙈 मांडवासमोर कालपासून पांढरी स्कूटर लावलीय, कोणाला दया येते का बघा

जिभाऊ ए-१०२ (८:१६)
स्कूटर माझी आहे. मांडव माझ्या पार्किंगमध्ये घातलाय. मी बोललो का काही?

मनीषाताई सी-२०४ (८:१६)
बोललात ना आत्ता.

सेक्रेटरी (८:१८)
कृपया विषयावर राहा 🙏

सोनार भाऊ ए-४०३ (८:२५)
नानावटी केस पण टाका ना फ्लेक्सवर, बायकोच्या प्रियकराला गोळी घालणाऱ्या नौदल अधिकाऱ्याची. लोक ते वाचतील. त्याच हायकोर्टात ज्युरीने सोडलं आणि म्हणून ज्युरी बंद झाली.

वकीलकाका सी-१०१ (८:४१)
सोनार, एका वाक्यात दोन चुका. तुम्हाला फ्लेक्स समितीत घ्यायला हवं.
ज्युरी बसली सेशन्स कोर्टात, १९५९ मध्ये. आठ विरुद्ध एक, निर्दोष. सेशन्स जजला निकाल पटला नाही तर जुन्या फौजदारी संहितेच्या कलम ३०७ खाली तो प्रकरण हायकोर्टाकडे पाठवू शकायचा. तसं पाठवलं. हायकोर्टाने मार्च १९६० मध्ये पुरावा स्वतः तपासून जन्मठेप दिली, सुप्रीम कोर्टाने २४ नोव्हेंबर १९६१ ला कायम केली. ज्युरी त्याआधीपासूनच ठिकठिकाणी बंद होत होती. १९७३ च्या संहितेत तिला जागाच उरली नाही.

सोनार भाऊ ए-४०३ (८:४३)
मग टिळकांचा खटला वर का नाही पाठवला?

वकीलकाका सी-१०१ (८:५२)
कारण तो मुळात हायकोर्टातच चालला. तिथे ज्युरी नऊ जणांची. सहा एका मताचे आणि जज सहमत, की संपलं. एकमत लागत नाही. १८९७ ला सहा युरोपियन, तीन हिंदी. निकाल सहा विरुद्ध तीन. १९०८ ला सात युरोपियन, दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन. ज्युरी निवडली तेव्हाच आकडा ठरला होता. आणि केसरीतले लेख मराठीत, ज्युरीपुढे इंग्रजी भाषांतर. म्हणून टिळकांनी भाषांतरकाराची उलटतपासणी एकेका शब्दावर केली.

पाटील सर बी-३०४ (८:५५)
१९०८ ला टिळकांनी स्वतःच बाजू मांडली, सहा दिवसांत मिळून २१ तासांच्या वर. २२ जुलैच्या रात्री दहाच्या सुमारास निकाल. दुसऱ्या दिवशी त्यांचा बावन्नावा वाढदिवस.

मनीषाताई सी-२०४ (८:५६)
😔

वकीलकाका सी-१०१ (९:०२)
सहा वर्षांचा हिशोबही लिहा. राजद्रोहाचे दोन आरोप, प्रत्येकी तीन वर्षं, एकापुढे एक. समाजांत वैर पसरवण्याच्या कलम १५३-अ खाली हजार रुपये दंड.
१८९७ ला स्ट्रॅचींनी ज्युरीला सांगितलं होतं की सरकारबद्दल अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव.

सोनार भाऊ ए-४०३ (९:०३)
प्रीतीचा अभाव?? मग सेक्रेटरींच्या बाबतीत अख्खी ए विंग आत जाईल 🤣

सेक्रेटरी (९:०४)
बी आणि सी पण येतील. राजीनामा तयार आहे, कोणी घेतो का सांगा.

जिभाऊ ए-१०२ (९:०५)
आधी हिशोब, मग राजीनामा.

पाटील सर बी-३०४ (९:१०)
जिभाऊ, तुमच्यासाठी: हायकोर्टाची इमारत १८७१ ते ७८, खर्च १६,४४,५२८ रुपये, मंजुरीपेक्षा २,६६८ रुपये कमी. इमारतीचा आर्किटेक्ट कर्नल फुलर, त्याने पैसे वाचवून दाखवले.

जिभाऊ ए-१०२ (९:११)
बघा. इंग्रजांनी पण हिशोब ठेवला.

मनीषाताई सी-२०४ (९:२०)
मुंबईला गेलं तर टिळकांचं काही बघायला मिळतं का तिथे?

वकीलकाका सी-१०१ (९:२४)
दुसऱ्या मजल्यावर सेंट्रल कोर्ट, खोली ४६. खटल्यातले त्यांचे शेवटचे उद्गार कोरलेला संगमरवर आहे. १९५६ मध्ये तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती छागलांनी बसवला. आपलं जाणं होत नाही, कारण खान्देशची अपिलं औरंगाबाद खंडपीठात.

सोनार भाऊ ए-४०३ (९:२५)
संभाजीनगर म्हणा काका.

सेक्रेटरी (९:२५)
नाही!! हा विषय इथे नाही. आरतीपर्यंत तरी नाही 🙏🙏

पाटील सर बी-३०४ (९:३८)
फ्लेक्स पुन्हा छापू नका. तीन पट्ट्या स्टिकरवर छापून घ्या आणि त्या ओळींवर लावा. "१८९७, न्या. स्ट्रॅची, दीड वर्ष." "१९०८, न्या. दावर, सहा वर्षं." "मंडाले." फोटोखाली "घड्याळाचा मनोरा: राजाबाई टॉवर" एवढं लिहिलं की फोटोही चालेल. पट्टी लावण्याआधी फ्लेक्स कोरड्या फडक्याने पुसा आणि वरून खाली फूटपट्टीने दाबत या. दवाचं पाणी राहिलं तर बुडबुडे येतात आणि उद्या सकाळी दावर सुटून खाली पडतील.

सेक्रेटरी (९:५१)
दिले छापायला. फ्लेक्स ९६०, पट्ट्या १२०, पुठ्ठा-फेव्हिकॉल ७४५. एकूण १८२५. झालं समाधान जिभाऊ?

जिभाऊ ए-१०२ (९:५३)
घड्याळाचा खर्च दिसत नाही.

निखिल ए-३०१ (देखावा) (९:५४)
ते विकत नाही आणलं. क्लब हाउसचं आहे.

नानी बी-१०१ (१०:३०)
क्लब हाउसनं नही रे भो. मन्हं घड्याळ शे. आणी दे.