सौर संच आधी की गच्चीची गळती?

ए-७०२: नमस्कार. रविवारच्या सभेच्या सूचनेत सौर संचाचा विषय आहे, परंतु गळतीचा उल्लेख कुठेही नाही. आमच्या बेडरूमच्या छताचे पोपडे गेल्या पावसाळ्यापासून निघत आहेत. पॅनेलसाठी स्लॅबला भोके पाडणार असाल, तर माझी हरकत आताच नोंदवावी.

सचिव: काका, हरकत नोंदवली आहे. प्रस्ताव १० किलोवॉटचा असून तो केवळ लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दिव्यांच्या सामाईक मीटरसाठी आहे. एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट सावलीमुक्त जागा लागते व दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. पावसाळ्यात ते बरेच घटतात. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत सोसायट्यांना सामाईक वापरासाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे आपल्याला १,८०,००० रुपये मिळू शकतील.

बी-३०१: फार चांगले. आता वीज गेली तरी लिफ्ट चालेल, सासूबाईंची मोठी सोय होईल.

सी-५०४: वहिनी, तसे होणार नाही. पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर ग्रीडला, म्हणजे महावितरणच्या वीजजाळ्याला, जोडलेला असतो आणि वीज जाताच आपोआप बंद होतो, कारण लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या विजेचा धक्का बसता कामा नये. लिफ्टसाठी बॅटरी किंवा जनरेटरची वेगळी सोय लागेलच. लाभ बिलात आहे. दुपारची शिल्लक वीज महावितरणकडे जाते आणि घेतलेली व दिलेली वीज मोजणाऱ्या नेट मीटरमुळे आपल्या वापरातून वजा होते.

ए-७०२: भोके पाडणार की नाही, एवढेच विचारले होते.

बी-१०२: आणि कुरडया वाळवायला जागा ठेवणार की नाही? 😀

खजिनदार: काका, टाकीच्या दुरुस्तीलाही आपण असाच विरोध केला होता.

ए-७०२: विरोध केला तरी वर्गणी वेळेत भरली. थकबाकीदारांची यादीही कधीतरी ग्रुपवर येऊ द्या.

सी-५०४: कृपया मूळ विषयावर या. काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभा केल्यास भोके पाडावी लागत नाहीत. मात्र वजन वाढते, म्हणून स्ट्रक्चरल इंजिनीअरचा लेखी अभिप्राय हवा. पॅनेल २५ वर्षे टिकतात, तेव्हा नंतर गळती झाल्यास ती सगळी उतरवावी लागतील. माझ्या मते काकांचा आग्रह रास्त आहे, वॉटरप्रूफिंग आधीच झाले पाहिजे.

ए-७०२: सूचनेत तो पहिला विषय करा, सौर संचाच्या ठरावाला मी स्वतः अनुमोदन देईन.

सचिव: सुधारित सूचना आज फलकावर लावतो.

ए-७०२: ग्रुपवरही टाकावी.