तालुक्याच्या गावातल्या जुन्या टॉकीजचं साल कसं ठरवायचं?

जोतं: सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातली बंद टॉकीज लवकरच पाडणार आहेत. त्याआधी तिचा इतिहास लिहून ठेवायचा आहे. दर्शनी भागावर साल नाही. कोणी १९४८ सांगतं, कोणी १९५६. मशीनची खोली शाबूत आहे, एक प्रोजेक्टर आणि गंजक्या डब्यांत थोडी रिळं आहेत. कागद कुठे शोधायचे, खोलीत काय बघायचं?

दप्तरखाना: घरपट्टीपासून सुरुवात करा. नगरपालिकेच्या जुन्या आकारणी नोंदवह्यांत त्या जागेसमोर थिएटरची नोंद पहिल्यांदा कधी येते ते पाहा. नेमकं साल नाही मिळालं तरी दोन आकारण्यांमधला काळ पक्का होतो. आठवणींपेक्षा मी यालाच जास्त वजन देईन. सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकावरून मालकी कळते, बांधकामाचं साल नाही.

मग परवाना. तो जिल्हा दंडाधिकारी देत, आधी १९१८ च्या आणि नंतर १९५३ च्या मुंबई कायद्याखाली. म्हणून फाइल जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात शोधा. करमणूक कराचं जुनं दप्तरही तिथेच विचारा. तो कर १९२३ च्या कायद्याने आला आणि २०१७ मध्ये जीएसटीत गेला. मात्र पहिला परवाना तंबूतल्या सिनेमाचाही असू शकतो. आधी तंबू, मग पक्की इमारत असं झालं असेल, तर तुमची दोन्ही सालं खरी निघतील. गाव अक्कलकोट संस्थानात असेल तर १९४८ पूर्वीचे कागद संस्थानच्या दप्तरात.

कार्बन_कांडी: खोलीच्या पुढच्या भिंतीतली भोकं मोजा. एका मशीनला दोन लागतात, एक किरणाचं, एक ऑपरेटरला पडदा बघायला. चार असतील तर मशीनं दोन होती. २,००० फुटांचं रीळ २२ मिनिटांत संपतं, तीन तासांच्या सिनेमाला आठ-नऊ रिळं लागतात. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात पहिला ठिपका आला की दुसऱ्या मशीनची मोटार सुरू करायची, सात-आठ सेकंदांनी दुसरा आला की चेंजओव्हर, म्हणजे चित्र पहिल्या मशीनवरून दुसऱ्यावर घ्यायचं.

दिव्याच्या पेटीत दोन कांड्यांचे चिमटे असतील तर तो कार्बन आर्क. त्याला डीसी लागतो, म्हणून रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणारं यंत्र, जवळपास असू शकतं. झेनॉन बल्ब नंतरचा. धुराडं दोन्हींना लागतं, त्यावरून काही ठरत नाही. मशीनच्या पाटीचा फोटो घ्या, पण ते इमारतीचं साल धरू नका. शहरातली जुनी मशीनं गावात विकली जात.

पडद्याची चौकट फोडून रुंद केल्याच्या खुणा असतील तर इमारत सिनेमास्कोपच्या, म्हणजे रुंद पडद्याच्या सिनेमाच्या, आधीची समजा. आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप चित्रपट १९५९ चा आहे.

रीळपेटी: कृपा करून ती रिळं प्रोजेक्टरवर चढवू नका. आकसलेल्या फिल्मची भोकं दातऱ्यांवर फाटतात. डबे सावलीत, हवेशीर जागी उघडा, जवळ विडी-सिगारेट नको. फिल्मच्या कडेला इंग्रजीत 'सेफ्टी' आहे की 'नायट्रेट' ते वाचा. नायट्रेट असेल, चिकट झाली असेल किंवा तपकिरी भुकटी सुटत असेल तर डबा हलवू नका. नायट्रेट फिल्म पेटली तर पाण्यानेही विझत नाही. व्हिनेगरसारखा वास आला तर ती अॅसिटेट, म्हणजे 'सेफ्टी' फिल्म, खराब होते आहे. ते डबे बाकीच्यांपासून वेगळे ठेवा, कारण ती वाफ शेजारच्या रिळांनाही खराब करते. काय आहे ते नोंदवून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.

पोस्टर सापडली तर चित्रपटाचं साल म्हणजे गावात लागल्याचं साल असं लिहू नका. प्रिंट तालुक्याला बऱ्याच उशिरा पोचायची. डीसीआर, म्हणजे वितरकाला रोज द्यायचा गल्ल्याचा तक्ता मिळाला तर त्यावर तारीख, खेळ, वर्गवार दर आणि कर सगळं असतं. जुन्या मॅनेजरच्या घरी आधी तेच विचारा.