स्केटिंग करताना थांबायचे कसे?

नवशिका_घसरगुंडी: गेले तीन आठवडे मी रिंकवर फिगर स्केट घालून सराव करीत आहे. पुढे जाणे आणि वळणे बऱ्यापैकी जमू लागले आहे. थांबण्यासाठी मात्र अजूनही कठड्यावर जाऊन आदळावे लागते. पात्याच्या टोकाचे दाते बर्फात रोवून पाहिले, तर थेट तोंडावर पडलो. स्नोप्लाऊ (चवडे आत, टाचा बाहेर करून थांबणे) करताना पाय नुसते फाकत जातात, वेग कमी होत नाही. नेमके काय चुकते? स्कीइंगही शिकायचे आहे. तिथे हेच तंत्र चालते का?

तिरपी_धार: दाते उड्या आणि गिरक्यांसाठी असतात. वेगात ते रोवले की पाय अडकतो आणि धड पुढे जातच राहते, त्यामुळे आपण पडलात यात नवल नाही. थांबणे म्हणजे बर्फात रुतणे नव्हे, बर्फ किसणे होय. पात्याच्या तळाशी उथळ पन्हळ असून तिच्या दोन्ही बाजूंना एकेक धार असते. पाते गतीच्या दिशेला आडवे धरले आणि फारसे कलू दिले नाही, तर धार वरचा थर खरवडते, पण ते जास्त कलले की धार रुतते. आपले पाय फाकतात, कारण बहुधा चवडे आत वळलेले नसतात. गुडघे वाकवा, चवडे आत आणा, टाचा बाहेर ढकला. त्याआधी कठडा धरून एकाच पायाने जागच्या जागी बर्फ किसून पाहा; पात्यापुढे पांढरा भुगा साचू लागला की दाब योग्य पडतो आहे असे समजावे. दोन्ही पायांची घाई करू नये.

जुना_हॉकीपटू: मला टी-स्टॉप अधिक सोपा वाटतो. मागचा पाय पुढच्या टाचेमागे आडवा ठेवून हलकेच ओढायचा. मात्र वजन पुढच्याच पायावर ठेवून मागच्या पायाची आतली धार घासण्याची सवय लागते आणि मग शरीर गोल फिरते. बाहेरची धार टेकवणे हीच त्यातली खरी मेहनत. हॉकी स्टॉप, म्हणजे दोन्ही पाती एकदम आडवी वळवून थांबणे, इतक्यात नको. आणखी एक: नुकतीच धार लावलेले पाते जास्त पकडते, तेव्हा त्या दिवशी वेग बेताचाच ठेवावा.

उतारावरची: स्कीइंगमध्ये स्नोप्लाऊ हे नाव तेच असले तरी हिशेब थोडा उलटा आहे. स्कीची टोके जवळ आणि मागची बाजू दूर ठेवून पाचर करतात. ती जितकी रुंद आणि आतल्या कडा जितक्या कललेल्या, तितका वेग कमी होतो. घाबरून मागे रेलू नका, कारण मग टोकांवरचा ताबा सुटतो. नडग्या बुटांच्या पुढच्या भागावर टेकलेल्या असाव्यात. स्कीला लावलेल्या ब्रेकवर तर मुळीच विसंबू नका. बूट सुटल्यावर मोकळी स्की घरंगळत जाऊ नये, एवढ्यासाठीच तो असतो.

नवशिका_घसरगुंडी: आभारी आहे. आज एका पायाने भुगा निघाला, पण फक्त उजव्या पायाने.