सेल्युलाईटची (मांड्यांवरच्या खड्ड्यांची) ट्रीटमेंट घ्यावी का? कोल्हापुरात कुणाचा अनुभव आहे का?

रंकाळ्याकाठची:
नमस्कार मैत्रिणींनो, जरा सल्ला पाहिजे होता. मी तशी जाड नाही, पण मांड्यांच्या मागं आणि सीटवर कॉलेजपासनंच खड्डे आहेत आणि डिलिव्हरीनंतर ते जास्तच दिसायला लागलेत. उन्हाळ्यात पोरीसोबत पोहायला जायचं मनात आहे पण कॉश्च्युम घ्यायचा म्हटलं की नको वाटतं. इथल्याच एका स्लिमिंग सेंटरला विचारून आले, दहा सिटिंगचं पॅकेज ४५,००० सांगितलं, मशीननं फॅट फोडून टॉक्सिन बाहेर काढतो म्हणाले, आजच ॲडव्हान्स भरला तर डिस्काऊंट पण देतो म्हणाले. मिस्टर म्हणतात तुला पाहिजे तर कर. खरंच जातं का हे? कुणी केलंय का?

मोगरा_२२:
ताई ॲडव्हान्स अजिबात भरू नको!! माझ्या मावसबहिणीनं असलंच मशीनचं पॅकेज घेतलेलं, रोलरनं कातडी ओढून मसाज करतात ते. त्या दिवशी पाय हलके वाटायचे, टेपनं मोजलं तर अर्धा इंच कमी पण भरायचं, दोन दिवसांत परत होतं तसं. आणि फोटोचं तर मी स्वतः बघितलंय, आधीचा फोटो डोक्यावरच्या लाईटखाली काढलेला आणि नंतरचा समोरनं उजेड पाडून. वरनं उजेड पडला की प्रत्येक खड्ड्याची सावली पडते, समोरनं पडला की सगळं सपाट दिसतं. घरी आरशात करून बघ, एका मिनिटात कळतंय. तिचे पैसे गेले ते गेलेच, परत द्यायचं नावच नाही काढलं त्यांनी.

निशिगंध:
मी स्किन डॉक्टरांच्या क्लिनिकमधे असिस्टंट आहे, हाच प्रश्न घेऊन बायका सारख्या येतात म्हणून जरा सविस्तर लिहिते. टॉक्सिनबिक्सिन काही नसतं त्यात. कातडीपासून खालच्या थरापर्यंत धाग्यांसारखे तंतू गेलेले असतात, बायकांच्यात ते बरेचसे उभे असतात आणि पुरुषांच्यात तिरपे, जाळीसारखे. उभे तंतू कातडी खाली ओढून धरतात आणि मधली चरबी वर फुगते, पिंजारी गादीला टाके घालतो ना, टाका आत आणि कापूस वर, अगदी तस्सं. म्हणून तर बारीक पोरींना पण असतं. वयात आलेल्या शंभरातल्या ८० ते ९० बायकांना हे कमीजास्त असतंच, अंगाची ठेवण आणि हार्मोन्स, त्यात आपला काही दोष नाही गं.

आता मशीन वरनं कितीही फिरवलं तरी आतला टाका तसाच राहतो. मसाजनं सूज तात्पुरती हलते एवढंच. ज्यानं खरा फरक पडतो ते सबसिजन, म्हणजे जागा बधिर करून कातडीखाली सुई किंवा बारीक पातं घालून ओढणारे तंतू कापायचे. सेलफिना नावाचं मशीन याच तत्त्वावर आहे, त्याला अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं आणि मशीनना परवानगी देणारं सरकारी खातं) २०१५ मधे परवानगी दिली. फरक काही वर्षं टिकतो, पण तो ठळक, एकेकट्या खड्ड्यांसाठी. सगळी मांडी लाटालाटांची असेल तर त्यानं सपाट होत नाही. आणि काळंनिळं होतंच, आपल्या सावळ्या कातडीवर ते डाग कितीतरी महिने राहू शकतात, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं पाहिजे, नाही सांगितलं तर तिथं करूच नका.

इंजेक्शनबद्दल पण सांगते. क्वो नावाचं इंजेक्शन २०२० मधे अमेरिकेत मंजूर झालेलं, तेच तंतू सैल करणारं. पण काळंनिळं इतकं व्हायचं आणि कातडीचा रंग इतका बदलायचा की २०२२ च्या शेवटी कंपनीनं ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा कुणी "फॅट विरघळवायचं इंजेक्शन" म्हणून काही टोचायला निघालं तर बाटलीवरचं नाव वाचल्याशिवाय हात लावू देऊ नका. लायपोसक्शन पण यासाठी नाही, चरबी जाते आणि खड्डे कधीकधी उलट जास्तच दिसतात. रेडिओफ्रिक्वेन्सी (कातडीखाली उष्णता देणारं मशीन) आणि शॉकवेव्हनं (धक्क्याच्या लहरी देणारं) काहींना थोडा फरक पडतो, पण मधनंमधनं सिटिंग घेत राहावं लागतं.

रंकाळ्याकाठची:
बापरे, एवढं त्यांनी काहीच सांगितलं नाही. खूप खूप थँक्यू. मग क्रीम आणि कॉफीच्या स्क्रबचं काय? रीलवर तर सगळ्या तेच दाखवतात.

निशिगंध:
कॅफिनच्या क्रीमनं कातडी थोडा वेळ घट्ट दिसते, नंतर पहिल्यासारखी. कॉफी चोळून तर तेवढं पण नाही, वरची मेलेली कातडी निघते फक्त. रेटिनॉल (अ जीवनसत्त्वापासनं केलेलं क्रीम) ०.३ टक्के पाचसहा महिने सलग लावलं तर कातडी जरा जाड होते आणि खड्डे थोडे कमी दिसतात, त्यापेक्षा जास्त अपेक्षा नको. पण प्रेग्नन्सीत लावायचं नाही, आणि बाळ अंगावर पीत असेल तर आधी डॉक्टरांना विचार.

तालीमवाली:
मी जरा व्यायामाचं सांगतो. नुसतं चालून मांडी भरत नाही, मी रोज विद्यापीठात चालायला जायचो तेव्हा काहीच फरक नव्हता. आपल्याकडं तालमीत पोरी बैठका मारतात बघ, त्यांच्या मांड्या बघ कशा घट्ट असतात. बैठका, जिना चढणं, वजन घेऊन खाली वाकून उठणं, हे धरलं की आतला स्नायू भरतो आणि वरची कातडी ताणून बसते. खड्डे जात नाहीत हे खरंय, पण कमी दिसतात आणि पाय असले मजबूत होतात की पोरीला कडेवर घेऊन जोतिबाच्या पायऱ्या चढशील. वजन मात्र धडाधड उतरवू नको, कातडी लोंबायला लागली की अजून दिसतंय.

शाहूपुरीकर:
माझ्या आईचे दोन्ही पाय कमरेपासून घोट्यापर्यंत जाड आहेत, पावलं मात्र बारीक, आणि दाबलं की दुखतं, जरा धडकलं की निळं पडतं. हे पण सेल्युलाईटच का?

निशिगंध:
नाही, हे वेगळं वाटतंय. दोन्हीकडं सारखं, दुखणारं आणि पावलं सोडून असेल तर लिपेडीमा (पायात चरबी साठण्याचा आजार) असू शकतो, डॉक्टरांना दाखवाच. सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, स्किनची ओपीडी आहे, तिथनं पुढं कुणाकडं जायचं ते सांगतील, उगाच सेंटरवाल्यांकडं जाऊ नका. आणि एकच पाय लाल, गरम होऊन सुजला, ताप आला तर थांबूच नका, त्याच दिवशी दवाखाना.

रंकाळ्याकाठची:
सेंटरला फोन करून नको म्हणून सांगितलं. दोनतीनच खोल खड्डे आहेत ते एकदा स्किनवाल्या डॉक्टरांना दाखवीन, बाकीचं राहू दे. बैठका उद्यापासनं. फक्त एक सांगा गं, गुडघ्यापर्यंतचा कॉश्च्युम कुठं मिळेल? घरातली कॉटनची लेगिंग घालून पाण्यात सोडतात का?

मोगरा_२२:
कॉटन नाही चालत ताई, पाण्यात फुगतं आणि जड होतं, टँकवर पण नको म्हणतात. नायलॉन नाहीतर लायक्राचा फ्रॉक आणि खाली गुडघ्यापर्यंत शॉर्ट्स असा जोड मिळतो, स्पोर्ट्सच्या दुकानात बघ. मी पण येतो, माझा पण फाटलाय. शनिवारी संध्याकाळी जमतंय का?